वीसपैकी चार

“कंदील,” बिरा म्हणाला. “सुपारी. रेडा. पूल. चष्मा. करवत.”

त्याने डोळे मिटले होते आणि दोन्ही पंजे गुडघ्यांवर ठेवले होते. मी समोर लोखंडी टेबलाशी बसलो होतो. दोन तासांपूर्वी मी त्याला वीस शब्द वाचून दाखवले होते, एकदाच, मध्ये न थांबता. शेवटचा शब्द होता ‘वादळ’. तो वादळापर्यंत आला, डोळे उघडले आणि हसला.

“उलटं म्हनू का, मास्तर? वादळापासनं?”

“नको.”

“किती झालं?”

“वीसपैकी वीस.”

“मंग लिवा की.”

मी लिहिलं. बंदी क्रमांक तीन. दिवस नववा. आठवलेले शब्द : चार.

बिराला वाचता येत नव्हतं. तो माझ्या पेनाच्या टोकाकडे कौतुकाने बघत होता.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. ते कारागृह कुठलं हे मी सांगणार नाही. तिथे मला वाईट वागवलं असं मला म्हणता येत नाही. मी जन्मठेपेचा कैदी होतो, वय अठ्ठावन्न. वाचनालय माझ्याकडे होतं, आणि अक्षर बरं असल्यामुळे मी राइटरही होतो, म्हणजे कचेरीची लिखापढी करणारा कैदी. त्या वर्षी एका औषध कंपनीने आमच्याकडे विस्मरणावरचं नवीन औषध तपासायला घेतलं. हळदीच्या पाण्यासारखा रंग होता, म्हणून सगळे त्याला ‘पिवळं’च म्हणत. सहा कैदी निवडले. रोज सकाळी एक इंजेक्शन, आणि त्याबदल्यात शिक्षेत सहा महिन्यांची सूट. तिघांना खरं औषध होतं आणि तिघांना नुसतं रंगवलेलं पाणी. कुणाला काय, हे डॉक्टर केळुसकर बाईंनाही ठाऊक नव्हतं. एवढंच नव्हे, त्यांनी त्या सहाजणांशी बोलायचंसुद्धा नाही, त्यांचा आशावाद नोंदीत उतरायला नको, असा कंपनीचा नियम होता. कंपाउंडर इंजेक्शन द्यायचा, मी शब्द वाचायचो, आठवलेले मोजायचो आणि संध्याकाळी कागद बाईंच्या टेबलावर ठेवायचो. त्यांना जे काही कळायचं ते माझ्या अक्षरातून.

अर्ज मीही केला होता.

“वर्तककाका, वयाची अट पंचावन्नची आहे,” बाई म्हणाल्या होत्या. “तुमचं नाव राखीव यादीत ठेवते. कुणी गळलं तर बघू.”

सूट मला नको होती. मला सुटून जायला जागाच नव्हती. मला ते औषध हवं होतं. पन्नाशीनंतर माझं वाचलेलं टिकेना. आयुष्यभर मी एकच काम केलं, वाचलं. आणि आता एखादं पुस्तक निम्मं झाल्यावर लक्षात यायचं की हे आपण पूर्वी वाचलंय, बहुतेक दोनदा.

बिरा शेंडगे माणदेशातला मेंढपाळ. बायकोच्या खुनाबद्दल जन्मठेप. माझ्याच बराकीत, माझ्यापासून चार अंथरुणं पलीकडे. उंच, आडदांड, आणि कुणाशीही हसून बोलणारा. तोवर माझं त्याच्याशी वाकडं काहीच नव्हतं.

आमच्याकडे संध्याकाळी सहाला बंदी व्हायची, म्हणजे बराकींना कुलूप लागायचं. त्यानंतर जेवणं उरकली की मी मोठ्याने वाचायचो. एका दर्यावर्दीवरची जाडजूड कादंबरी होती, ती मी तीन वर्षांत दोनदा वाचून काढली होती. चाळीसजण भोवती बसायचे. मी बाहेरच्या जगात कधी चार माणसांपुढे बोललो नव्हतो. दिवसभर मी खाली मान घालून वावरायचो ते त्या एका तासाच्या जोरावर.

औषधाचा आठवा दिवस. संध्याकाळी वाचता वाचता वीज गेली.

“च्यायला! ऐन वादळात!” गफूर शिंपी ओरडला. “गलबत बुडतंय का न्हाई ते तरी सांगा, मास्तर.”

मला आठवत नव्हतं. दोनदा वाचलेलं पुस्तक, आणि गलबत बुडतं की नाही, मला आठवेना.

“न्हाई बुडत,” अंधारातून बिराचा आवाज आला. “म्या सांगू?”

आणि तो सांगू लागला. वर्षापूर्वी मी वाचलेलं, शब्दाला शब्द. माझे अडखळलेले शब्दसुद्धा त्याने तसेच अडखळत म्हटले, आणि लोक हसले. कप्तानाला त्याने आमच्या जमादाराचा आवाज दिला. तेव्हा तर उशा फेकल्या लोकांनी. वीज आली तरी कुणी माझ्याकडे वळलं नाही. मी पुस्तकात बोट घालून बसलो होतो. तो जे बोलत होता ते माझ्या बोटाखाली छापलेलं होतं, आणि एकही चूक सापडत नव्हती.

मी पुस्तक मिटत होतो तेव्हा गफूर म्हणाला, “मास्तर, उद्यापासून बिराच सांगू दे. राग नका धरू. त्याच्या तोंडून समुद्र दिसतो.”

माझ्या तोंडून काय दिसायचं, हे मी विचारलं नाही. त्यानेच सांगितलं.

“तुमच्या तोंडून पुस्तक दिसतं.”

तोवर बिराचेही पाच-सहाच शब्द यायचे; दुसऱ्या दिवशी सकाळी वीस आले आणि मी पहिल्यांदा ‘चार’ लिहिलं. ज्यांना पाणी असावं असं दिसत होतं त्यांचे आकडे तीन-चारच्याच आसपास असायचे. माझा हिशेब साधा होता. औषध लागू पडत नाही असं दिसलं की बिराला वगळतील, मग राखीव यादीतला माणूस घेतील. मी असं कुठे वाचलं नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं. मला ते तसंच असणार असं वाटलं.

जवळजवळ तीन आठवडे मी रोज त्याच्या तोंडून वीस शब्द ऐकले आणि तीन, चार, पाच, चार असं लिहीत गेलो. सगळे आकडे सारखे दिसू नयेत एवढी काळजी घेतली.

एकदा तपासणी झाल्यावर तो उठेचना.

“मास्तर, मला सूटबीट नकोय. ठाव हाय का?”

“मग कशाला घेतोस?”

“माझी पोरगी हिरा. तवा सा वर्साची हुती. आता एकोनीस. तिचं लगीन ठरलंय, मामाच्या पोरासंगं. आमच्यात मामाचंच घर बघत्यात पयलं. आन मामानंच तिला वाढवली. म्हाळूनं, माझ्या मेव्हण्यानं.” तो थांबला. “मागल्या मुलाखतीला तिनं इचारलं, आबा, तू मारलंस का आईला? लग्नाआधी एकदा येनार हाय, तवा सांग म्हनली.”

“मग?”

“मला ठावच न्हाई, मास्तर. त्या दिशी बाजार हुता. लई प्यालो हुतो. बाजेवर आडवा झालो. डोळं उघडलं तवा कुऱ्हाड हातात, गौरा दारात पडलेली, आन म्होरं पोलीस. कोर्टात बी हेच सांगितलं. हसली मानसं.” त्याने डोकं टेबलाकडे झुकवलं. “हे पिवळं एक-एक दिस म्होरं आनतंय. लहानपनची समदी मेंढरं आठवली, नावासकट. मागनं म्होरं येतंय बघा. त्या दिसापतूर पोचायचंय, पोरगी यायच्या आदी. तुमाला समदं आठवतं का, तुमी केल्यालं?”

“सगळं.”

“नशीबवान हाय तुमी.”

मला खरोखरच सगळं आठवतं. एकोणीस वर्षं मी एका गावच्या वाचनालयात सहायक होतो. ग्रंथपालाची जागा रिकामी झाली आणि ती माझ्याहून नऊ वर्षांनी लहान असलेल्या पेंडशाला मिळाली. एका दुपारी तो वरच्या फळीवरचे खंड काढत होता आणि शिडी धरायला मी खाली होतो. मी शिडी ओढली. तो खाली येईपर्यंत माझ्याकडेच बघत होता. कोर्टात त्याची बायको रोज यायची. तिने एकदाही माझ्याकडे मान वळवली नाही.

चौथा आठवडा संपला तेव्हा बाईंनी मला बोलावलं. समोर माझे कागद पसरलेले होते.

“शेंडगेचं काहीच हलत नाहीये, नाही का?”

“नाही, बाई.”

“तो पाण्यावरचा नाही, काका. कुणाला काय दिलंय याचं पाकीट फोडायला आज कंपनीने परवानगी दिली. खरं औषध चाललंय त्याला, आणि तरी चार.” त्यांनी पेनाचं टोपण लावलं. “नियमाप्रमाणे अशांचा डोस वाढवायचा. उद्यापासून दुप्पट.”

“वगळणार नाही त्याला?”

“वगळायचं कशाला? शरीर धडधाकट आहे.”

तोंड उघडायची हीच वेळ होती. मी कागद गोळा केले, कडा जुळवल्या आणि बाहेर आलो.

दुपटीच्या तिसऱ्या दिवशी बिराच्या नाकातून रक्त आलं. चौथ्या दिवशी तो झोपेनासा झाला. बराकीत तो आता गोष्टी सांगत नव्हता, सारखा पुटपुटत असायचा. कुणी काय कधी बोललं, कोणत्या दिवशी भाजीत मीठ जास्त होतं, कुठल्या मेंढीचा कान कसा फाटला होता. गफूर मला म्हणाला, “मास्तर, तुम्हीच वाचा बाबा पुन्हा. याची भीती वाटते.” मी पुस्तक उघडलं. चाळीस माणसं पुन्हा माझ्याभोवती बसली. मला बरं वाटलं. हे लिहायला नको होतं, पण बरं वाटलं.

सातव्या दिवशी, गुरुवारी, मी शब्दांची यादी घेऊन बसलो तर तो यादी ऐकेना.

“बाजार,” तो म्हणाला. “आलो बाजारात, मास्तर. लिवा.”

मी तपासणीचा कागद उलटा केला.

तो बोलत होता तेव्हा त्याचे डोळे उघडे होते, पण मी त्याला दिसत नव्हतो. गौराला बाजारात तिचीच मेंढी दिसली होती, कानावरच्या खुणेवरून. म्हाळूने बहिणीची मेंढरं रोगाने मेली म्हणून सांगितलं होतं आणि परस्पर विकली होती. दिवेलागणीला म्हाळू घरी आला. गौरा त्याला दारातच भिडली. बिरा बाजेवर पडून अर्ध्या डोळ्यांनी बघत होता. हात उचलत नव्हता, जीभ उचलत नव्हती. म्हाळूने कुऱ्हाड घेतली. गौराने दांडा धरला, ओढाओढीत पातं म्हाळूच्या डाव्या अंगठ्यावर उतरलं. मग दुसऱ्यांदा ते तिच्यावर उतरलं. म्हाळूने मेंढरांच्या दोणीत हात धुतला, पटक्याचं टोक अंगठ्याला गुंडाळलं, आणि कुऱ्हाड आणून बिराच्या मुठीत दिली.

“बोटं त्यानं एकेक करून मिटली माझी,” बिरा म्हणाला. “ह्ये असं. आन म्हनला, झोप भावजी.”

मग त्याची मान मागे गेली आणि तो खुर्चीसकट कोसळला. हातपाय आपटू लागला, तोंडाला फेस आला. मी ओरडलो. कंपाउंडर धावला. मी कागदाची घडी करून खिशात घातली आणि बाईंच्या खोलीकडे गेलो. पळालो असेन. मला पळताना कुणी पाहिलं नव्हतं तोवर.

“त्याला औषध देऊ नका. आकडे खोटे आहेत.”

“कोणते आकडे?”

“शेंडगेचे. वीस होते. नवव्या दिवसापासून रोज वीसच होते.”

बाई उभ्या राहिल्या. “आणि बाकी पाचांचे?”

“त्यांचे खरे आहेत.”

“म्हणजे फक्त त्याचे.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “का?”

“तो तिकडे हातपाय आपटतोय, बाई,” मी म्हणालो.

“दुप्पट दिलं मी त्याला. तुमच्या अक्षरावर विश्वास ठेवून.” त्या दवाखान्याकडे गेल्या. त्यानंतर त्यांनी मला कधीही काका म्हटलं नाही.

बिरा वाचला. शुक्रवारी दुपारी तो शुद्धीवर आला. औषध तोडल्यावर ते येताना आणलेलं सगळं घेऊन गेलं होतं, शिवाय पदरचंही थोडं. आपण कधी गोष्ट सांगितली, हेच त्याला ठाऊक नव्हतं. मला मात्र त्याने ओळखलं.

“मास्तर, हिरा उद्या यायची हाय. म्या काय बोललो का? त्या दिसाचं?”

घडी केलेला कागद माझ्या खिशात होता. बिरा खाटेवर पडला होता, गालफडं बसलेली. आणि तो निर्दोष होता. तेरा वर्षं आम्ही एकाच छपराखाली झोपलो, एकाच वाटीने डाळ घेतली, आणि हा माणूस निर्दोष होता.

“नाही,” मी म्हणालो. “काही बोलला नाहीस.”

पुढे मी याला कारणं शोधली. पोरीचं लग्न मोडेल. तिचं एकुलतं घर जाईल. गुंगीतल्या बोलण्याला कोर्टात कोण विचारतं. कारणं चांगली आहेत. पण ती सगळी नंतरची.

माझी चौकशी सोमवारी लागली होती. शनिवारी दुसरा राइटर पॅरोलवर असल्यामुळे मुलाखतीचं टेबल माझ्याकडेच आलं. लांब खोली, मधोमध जाळी, अलीकडे कैदी, पलीकडे घरचे. मी नावं पुकारायची आणि वेळ लिहायची.

हिरा उंच होती, बापासारखी. हिरवी साडी. तिच्यामागे पांढरा पटका बांधलेला साठीचा माणूस उभा होता. त्याने वहीवर सही केली नाही, उजव्या हाताचा अंगठा दिला. नाव म्हाळू.

बिरा जाळीशी गेला. माझ्यापासून तीन पावलांवर.

“कसा झालास रं आबा हा,” हिरा म्हणाली. “खात न्हाईस का?”

“खातो की. तू लई मोठी झालीस.”

“आबा, म्या इचारलं हुतं.”

बिराने जाळी धरली. शेजारच्या जाळीवर कुणीतरी वकिलाची तक्रार करत होतं.

“व्हय,” बिरा म्हणाला. “म्याच. दारूच्या तारेत. म्याच मारली तिला.”

त्याला ठाऊक नव्हतं. पोरीला तसंच परत पाठवायचं नव्हतं म्हणून तो ते म्हणाला. मी खाली मान घालून वेळ लिहीत होतो.

हिरा जाळीला येऊन भिडली. मग तिने जाळीतून चार बोटं आत घातली.

“म्या माफ केलं तुला, आबा,” ती म्हणाली. “मनात काय बी ठिवून अक्षता घ्यायच्या न्हाईत मला. आज समदं मिटलं.”

बिराने तिच्या बोटांना कपाळ टेकवलं आणि रडू लागला. लहान मूल रडतं तसा, आवाज करून. ती दुसऱ्या हाताने जाळीवरूनच त्याच्या डोक्यावर थोपटत होती.

“खोटं आहे!” कुणीतरी ओरडलं.

मी उभा होतो. खुर्ची मागे पडली होती.

“ए वर्तक!” जमादार म्हणाला. “खाली बस.”

“खोटं बोलतोय तो. त्याने नाही मारलं. माझ्याकडे लिहिलेलं आहे.” कागद उघडताना तो मधोमध फाटला. मी दोन तुकडे धरून वाचलं. मेंढी, कानाची खूण, बाजार. आवाज चिरकत होता. दोणीत हात धुतला इथपर्यंत आलो आणि हिराकडे पाहिलं. “बाई, तुझ्या मामाचा डावा अंगठा बघ.”

म्हाळूने डावा हात पटक्याच्या टोकाखाली नेला. तो नेला नसता तर कदाचित काहीच झालं नसतं.

“मामा,” हिरा म्हणाली, “ते इळ्यानं कापलं म्हनायचास तू.”

“व्हय. कापनीत.”

“आईच्या दिसात तुज्या हाताला फडकं हुतं. मला आठवतंय. तवा कसली कापनी? चैतात?”

म्हाळू दाराकडे वळला. त्याला कुणी अडवलं नाही, अडवायचं कारणही नव्हतं. हिरा तिथेच उभी राहिली, बोटं जाळीत तशीच.

लग्न मोडलं. हिराने पोलिसांत अर्ज दिला, मेंढ्या घेणारा व्यापारी सापडला, आणि म्हाळू पाच महिन्यांनी आपण होऊन बोलला. बिरा सुटायला तरी अडीच वर्षं लागली. औषधाचा प्रयोग बंद पडला. माझी सूट कापली, राइटरचं काम गेलं. वाचनालय मात्र अधीक्षकांनी ठेवू दिलं. ‘स्वतःचं नुकसान करून सत्य सांगणारा कैदी’ असं त्यांनी माझ्या कागदांवर लिहिलं.

चार लिहिल्याचं मी बिराला स्वतः सांगितलं. तो म्हणाला, “चार लिवलं म्हनून दुप्पट मिळालं, आन दुप्पट मिळालं म्हनून आठवलं. तुमचं उपकारच.” मी त्याचं जे जे वाईट करायला गेलो, ते त्याच्या पदरात चांगलं होऊन पडलं. त्याचाही मला राग आला.

मी सुटल्याला आता पाच वर्षं झाली. गेल्या चैत्रात बिरा मला न्यायला आला. हिराच्या मुलाचं जावळ होतं. तिने पुढे आपल्या पसंतीचा नवरा केला, एसटीतला मेकॅनिक. माळावर मांडव होता, मटणाची पंगत बसली होती. बिरा मला प्रत्येकापुढे उभा करत होता. “ह्ये मास्तर. ह्यांनी सोडवला मला.” म्हातारे पायांना हात लावत होते आणि मी पाय मागे घेत होतो.

पंगतीत तो माझ्या शेजारी बसला.

“मास्तर, एक इचारू? पिवळ्यात म्या काय बोललो ते मला काय बी आठवत न्हाई. पन मुलाखतीच्या दिशी तुमी उभं कशापायी ऱ्हायलात?”

‘अन्याय बघवेना’ हे उत्तर तयार होतं. चौदा वर्षं मी ते देत आलो होतो.

“तिने तुला माफ केलं, बिरा,” मी म्हणालो. “तू न केलेल्या खुनाची माफी मिळाली तुला. आणि तू तिच्या बोटांवर डोकं टेकून रडलास. मी केलेल्या खुनासाठी माझ्याकडे कुणी मान वळवून बघितलं नाही रे. मला ते बघवलं नाही. ती माफी तुला मिळू नये म्हणून उठलो मी. दुसरं काही नव्हतं.”

बिरा चावायचा थांबला. मग मोठ्याने हसला.

“ऐकलं का! मास्तरांना म्हनं माझा हेवा वाटला! माझा! जेलातल्या मेंढक्याचा!”

सगळी पंगत हसली. समोरचा म्हातारा डोळे पुसत म्हणाला, “मोठी मानसं आशीच. केल्यालं नाव घिऊ देत न्हाईत.”

“खरं सांगतोय मी,” मी म्हणालो.

“व्हय व्हय,” म्हणत बिराने माझ्या ताटात रस्सा ओतला आणि पलीकडच्याशी बोलायला वळला.

हिरा भाकऱ्यांची दुरडी घेऊन पंगतीतून येत होती. तिने ऐकलं होतं. ती हसली नव्हती. माझ्यापुढे येऊन ती वाकली.

“मला ठाव हाय, मास्तर,” ती हळूच म्हणाली. “म्या तवा तुमच्या तोंडाकडंच बघत हुते.”

आणि तिने माझ्या ताटात अर्धी भाकरी ठेवली.